सूप पितं कोण?

रविवारी सकाळी लायक्यूबाईंच्या स्वयंपाकघरात ढग उतरतो. कमळकाकडी, शेंगदाणे, डुकराची हाडं आणि सुकवलेली लाल बोरं मंद आचेवर रटरटत राहतात, खिडकीच्या काचा पांढऱ्या होतात आणि स्पाडायना रस्त्यावरची ट्रॅम पाण्याखालून गेल्यासारखी सरकते. अशा वेळी आपण टोरांटोत आहोत की चीनमध्ये, तोयसानमधल्या माहेरच्या तळ्याकाठी, हे बाईंना नक्की सांगता येत नाही. मुलगा कडेवर आहे की बाप्या झालाय, तेही नाही.

मुलगा बाप्या झाला होता. हो-यिन, एकुलता एक. मागच्या वसंतात तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. विमानतळावर माल चढवायची रात्रपाळी आणि दिवसा झोप. "मा, वर येत जाऊ नकोस. डबा खाली पहारेकऱ्याकडे ठेव," असं त्यानं सांगितलं आणि बाईंनी ऐकलं. बाईंनी कुणाचं ऐकल्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांचे यजमान आह-फाट तो अजून चारचौघांत सांगतात.

तेव्हापासून दर रविवारी सुपाचा थर्मास जायचा आणि संध्याकाळी फोन.

"प्यायलास?"

"प्यायलो, मा."

"उष्णता उतरली?"

"उतरली."

"आणि तोंडावरचे फोड?"

"गेले, मा. सगळे गेले."

एवढ्यावर बाईंचा आठवडा निघायचा.

मग एका रविवारी बाई सुपात मीठच घालायला विसरल्या. थर्मास पोचवून घरी आल्या, तर आह-फाट वाटीकडे बघत बसलेले.

"काय झालं?"

"काही नाही. डॉक्टरांनी काही सांगितलंय का माझ्याबद्दल?"

बाईंनी चमचाभर चाखलं आणि तडक फोन लावला. "कसं होतं रे आजचं?"

"एकदम मस्त, मा. नेहमीसारखं."

बाई खुर्चीत टेकल्या.

"कौतुक करायला शिकला पोरगा," आह-फाट म्हणाले. "माझ्यावर गेलाय."

"तुम्ही गप्प बसा."

आपलं सूप पोराच्या पोटात जातंय की नाही, हे कळल्याशिवाय आता त्यांना घास गोड लागणार नव्हता. पुढच्या रविवारी त्या ट्रॅममध्ये बसल्या. बाहेर इतकं बर्फ पडत होतं की दुकानं, माणसं, दिवे एकेक करून पुसले जात होते. जगात उरली होती ती ट्रॅम, मांडीवरचा गरम थर्मास आणि मनातल्या मनात घोळवलेल्या शिव्या. चांगल्या, गावाकडच्या.

पहारेकऱ्याला न जुमानता त्या वर गेल्या. दार उघडलं ते लाल दाढीच्या एका धिप्पाड पोरानं. हा कॉलिन, हो-यिनचा रूममेट.

"आंटी! आज स्वतः?" त्यानं हक्कानं थर्मास हातातून घेतला, झाकण काढून वास घेतला. "कमळकाकडी! मागच्या वेळी मीठ राहिलं होतं बरं का. मी वरून घातलं."

"तू? तू पितोस?"

"सगळं! तो रात्रपाळीहून येतो आणि आडवा होतो. सकाळी त्याला काही जातच नाही. मग वाया कशाला घालवायचं?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तोंडावर एक फोड नाही. गाल तुकतुकीत. इतक्या महिन्यांची कमळकाकडी या परक्या पोराच्या अंगी लागली होती, आणि चांगली लागली होती.

त्या आतल्या खोलीत शिरल्या. पडद्यातून बर्फाचा निळसर उजेड आला होता. हो-यिन बुटांसकट पालथा पडलेला, तोंड उघडं. शिव्या जिभेच्या टोकावर होत्या. बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि आधी बुटाचे बंद सोडायला लागल्या.

तो हलला. डोळे मिटलेलेच.

"मा? उठू का? शाळा आहे?"

हे तो तोयसानच्या बोलीत म्हणाला. गेली कित्येक वर्षं ती बोली त्याच्या तोंडून निघाली नव्हती.

ताप असतानाही या पोराला बाईंनी शाळेत धाडलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बर्फ फार पडलंय. आज सुट्टी दिलीय. झोप तू."

तो भिंतीकडे वळला आणि हलकं घोरायला लागला. स्वयंपाकघरातून सूप ओतल्याचा आवाज आला. एक वाडगा, मग दुसरा. 'अरे, त्याला थोडं ठेव!' असं बाईंना ओरडून सांगायचं होतं. पण ओरडलं असतं, तर पोरगा जागा झाला असता.