मंदारचा प्रोसेसर आणि जिन्यातला बल्ब

किस्से काही शोधावे लागत नाहीत. जिन्यात कोणी बोलत असलं की माझी पावलं आपोआप हळू पडतात, आणि घरी पोचेपर्यंत एखादा पदरात पडलेला असतो!

नव्वदचं दशक संपत आलेलं. वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सेक्रेटरी कर्णिक कोणाला तरी सांगत होते, ‘‘अहो, त्या मंदारच्या कॉम्प्युटरमुळेच आख्ख्या बिल्डिंगचा करंट...’’ मी दिसले तशी त्यांनी विषयच बदलला.

आता अर्धं ऐकून मला जेवण जाणार होय?

*

मंदार आमच्या समोरचा. घरी बसून एका आर्किटेक्टसाठी कॉम्प्युटरवर इमारतींची चित्रं करायचा. मी अळूवडी घेऊन गेले, तर हा कपाळाला हात लावून बसलेला.

‘‘काकू, रिकामा असला की प्रोसेसरला दोन व्होल्ट मिळतात. मोठं चित्र करायला घेतलं की व्होल्टेज उतरतं आणि मशीन बंद पडतं.’’

‘‘अरे, काम करणाऱ्याला जास्त द्यायचं की कमी?’’

‘‘सकाळी सगळ्यांनी नळ सोडले की चौथ्या मजल्यावर काय होतं?’’

‘‘माझी बादली भरत नाही!’’

‘‘तेच. काम वाढलं की प्रोसेसर जास्त करंट ओढतो. मग वाटेतल्या तारांमध्येच थोडं व्होल्टेज खर्ची पडतं. टोकाला पोचतं ते कमी.’’

*

त्याने मग व्होल्टेजच वाढवून ठेवलं. मशीन चाललं, पण तापलं तव्यासारखं. झाकण काढून त्याने हॉलमधला टेबल फॅन त्याच्यापुढे लावला.

त्याची आई, सुलभाताई, पदराने वारा घेत म्हणाल्या, ‘‘मे महिन्यात आईला घाम, आणि डब्याला पंखा!’’

*

शेवटी कबूल केलंन त्याने. कंपनीने सांगितलेल्या वेगापेक्षा तो प्रोसेसर जास्त पळवत होता. वेग कमी केला, वाढवलेलं व्होल्टेज पुन्हा खाली आणलं.

‘‘म्हणजे आता उतरत नाही?’’

‘‘उतरतं. थोडं तर बनवणारेच मुद्दाम उतरू देतात, काकू. काम एकदम थांबलं की व्होल्टेज उसळतं. आधीच जरा खाली असलं, तर उसळूनही हद्दीत राहतं.’’

मी घरी येऊन कितीतरी वेळ तांदूळ निवडत बसले. आमचे हे रिटायर झाले, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ओव्हरटाइम करत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून माझे सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवलेन. तिसऱ्या दिवशी परत लावलेन. मी चिडले होते तेव्हा.

त्यांना कोणी हळूहळू उतरू दिलंच नव्हतं.

*

रविवारी मीटिंग. कर्णिकांच्या टीव्हीचं चित्र आक्रसतं, जिन्यातला बल्ब मिणमिणतो, म्हणून मंदारने घरी कॉम्प्युटर चालवू नये, असा ठराव. सोमवारी त्याला चित्र द्यायचं होतं. नाही तर आर्किटेक्ट काम दुसऱ्याला देणार.

मंदार म्हणाला, ‘‘काका, लिहा ठराव. पण आधी बघू तरी.’’

आम्ही सगळे कर्णिकांच्या दारात, बल्बखाली. मंदारने वर जाऊन मशीनला सगळ्यात जड चित्र करायला लावलं. ‘‘चालू आहे!’’

बल्ब ढिम्म!

तेवढ्यात आत कर्णिकवहिनींनी इडलीचं वाटायला घेतलं. ग्राइंडर घरघरला आणि बल्ब कंदिलाएवढा झाला.

कर्णिक म्हणाले, ‘‘ते... ते घरगुती आहे.’’

सगळे हसले. मंदारही खाली येऊन हसला असता, तर संपलं होतं. पण हा पोरगा वरूनच ओरडला, ‘‘थांबा, मॉनिटर लावताना क्षणभर जास्त करंट ओढतो. तो बंद करून परत लावतो. काकू, तुम्ही बल्बच्या जवळ आहात. खरं काय ते सांगा!’’

खट्‌ आवाज आला. बल्बने डोळा मिटून उघडला. एवढासाच.

सगळे माझ्याकडे बघत होते.

‘‘हलला,’’ मी म्हटलं. ‘‘पण चिमूटभर.’’

कर्णिकांनी रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग आत वळून हाक मारली, ‘‘अगं, तुझं वाटण साधारण किती वाजता असतं?’’