घटात न उगवलेली ज्वारी

ताईचा फोन आला तेव्हा मी ऑक्टोबरच्या सुट्टीसाठी कोकणातली घरं शोधत होते. "कोकणबिकण राहू दे," ती म्हणाली, "नवरात्रात इकडं ये. तुझे दाजी औंदा समदं रान गव्हाखाली घालायचं म्हणून राह्यले. मंग कडबा कुठून यायचा? दसरा झाला की चंद्रीला बघायला व्यापारी बोलावलाय."

एवढं बोलून ती रडायलाच लागली, आणि माझं कोकण तिथंच बुडालं.

चंद्री म्हणजे म्हैस. आमच्या आईनं ताईच्या लग्नात परभणीहून जी म्हैस दिली होती, तिची ही नात. चंद्रीच्या दुधावर ताईचा स्वतःचा हातखर्च चालतो, आणि माहेरचं म्हणून तिच्याकडं आता तेवढंच उरलंय. ज्वारीची कणसं खुडली की मागं राहतात ती वाळलेली ताटं म्हणजे कडबा, म्हशीचं वर्षभराचं जेवण. गव्हाचा भुसा चंद्री हुंगते आणि तोंड फिरवते. म्हणजे यंदा ज्वारी नाही तर म्हैस नाही, इतका सरळ हिशोब. ज्यांना समुद्र आणि धबधबे हवेत त्यांनी माझ्या जुन्या पोस्टी वाचाव्यात. या वेळी मी पेरणी बघायला गेले होते.

पुण्याहून जालन्यापर्यंत रेल्वे किंवा एसटी, कशानंही जा. मी एसटीनं गेले, बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा पुरेपूर फायदा घेतला. जालना स्टँडवरून राजूरमार्गे भोकरदनची गाडी मिळते. राजूरला गाडी थांबली की निम्मे प्रवासी खिडकीतूनच गणपतीला हात जोडतात, तुम्हीही जोडा. भोकरदनहून पिंपळगाव रेणुकाईकडं जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय हे ठरवायचा अधिकार फक्त ड्रायव्हरला. माझ्या मांडीवर एका आजींची मेथीची जुडी होती. "दाबू नको माय, कोवळी हाय," असं त्या मला सारख्या बजावत होत्या. माझ्या पायाला मुंग्या आल्या त्याचं कुणाला काही नाही!

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन निघून गेलेली काळी रानं आणि मधूनमधून फुटलेला कापूस. पाऊस जाऊन थोडे दिवस झाले होते. जमीन वरून सुकलेली, पण आत ओल होती. रब्बीची ज्वारी, जिला आपण शाळू म्हणतो, ती याच ओलीवर वाढते. ओल उडायच्या आत पेरली तर पाणी न देताही पदरात काहीतरी टाकते. गहू थंडी पडल्यावर, दिवाळीच्या आसपास पेरला तरी चालतो, पण त्याला पाण्याच्या पाळ्या लागतात. थोडक्यात, गव्हाला थांबता येतं, ज्वारीला नाही. ताईची घाई त्यामुळंच होती.

मी पोचले ती अष्टमी. ताईचं घर पिंपळगावच्या थोडं अलीकडं, रानातच आहे. घरात तिघंच: ताई, दाजी आणि ताईच्या सासूबाई. ताई त्यांना आत्याबाई म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. आत्याबाईंची नजर आता अधू झालीय, आवाज मात्र शाबूत आहे. मी पाया पडले तर म्हणाल्या, "वाळून गेलीस की गं! पुण्यात खायला मिळत न्हाई का?" माझं वजन गेल्या वर्षभरात जे वाढलंय ते बघता, त्यांची नजर खरंच अधू आहे.

देवघरात घट बसवलेला होता. पत्रावळीवर रानातली काळी माती, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट, आणि भोवती उगवलेलं धान. हे सगळ्यांच्याच घरी असतं. आत्याबाईंची पद्धत मात्र वेगळी. त्या धान्यं मिसळत नाहीत. एका बाजूला गहू, एका बाजूला ज्वारी, मग करडई, मग हरभरा, असे वाटे करून पेरतात. जे जोमदार येईल ते त्या साली मोठ्या वावरात जातं. त्यांच्या सासूबाईंपासून असंच चालत आलंय. घटाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, दाणे निवडणंही त्यांचंच.

यंदा गहू वीतभर वर आला होता, पिवळा आणि दाट. हरभराही बरा होता. आणि ज्वारीच्या जागी नुसती माती, टक्कल पडल्यासारखी.

"बघा मेव्हणीबाई," दाजी मिशीत हसत म्हणाले, "मी काही बोललो का? खुद्द देवीनंच कौल दिला."

"घटात न्हाई उगवलं ते रानात टाकायचं न्हाई," आत्याबाईंनी निकाल देऊन टाकला.

दाजी वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. त्यांचं म्हणणं असं, की ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. ती उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, त्याआधी पाखरं हाकलायची. गव्हाला हार्वेस्टर येतं आणि चहा उकळेपर्यंत वावर रिकामं करून जातं. "मागल्या साली ज्वारी उपटू उपटू कंबर धरली माझी," ते म्हणाले. "तुझ्या ताईला म्हशीचं पडलंय, माझ्या कंबरेचं कुणाला न्हाई." मी दाजींना समजवायला आले होते आणि पहिल्याच संध्याकाळी मला त्यांचंच पटायला लागलं, घ्या!

जेवायला गरम बाजरीची भाकरी, पिठलं आणि खलबत्त्यातला ठेचा. ताई आणि आत्याबाई उपासाची भगर घेऊन बसल्या होत्या. जेवण झाल्यावर ताई गोठ्यात गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी बघायला गेले तर चंद्रीच्या कपाळावर हात ठेवून नुसती उभी होती. "गाभण हाय गं," म्हणाली. "दोन जिवांची म्हैस दुसऱ्याच्या दावणीला जाणार." मला फार वाईट वाटलं. मी ताईच्या पाठीवरून हात फिरवला आणि काहीबाही बोलले. त्याचा काही उपयोग नव्हता.

नवमीला सकाळी पिंपळगावला रेणुकादेवीच्या दर्शनाला जायचं ठरलं होतं. निघण्याआधी मला भूक लागली. "तुला लाह्या फोडून देऊ का?" ताईनं विचारलं. "नागपंचमीची लाह्यांची ज्वारी उरलेली हाय. तू कुठं उपास धरतेस, भवाने!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: लाह्या चांगल्या फुलाव्यात म्हणून ज्वारी आधी कढत पाण्यातून काढतात, फडक्यात बांधून ठेवतात आणि सावलीत वाळवतात. ताईनं फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं आणि आत बघतच राहिली. डबा तळाला गेला होता.

"आत्याबाई, ह्या डब्यातली ज्वारी कुठं गेली?"

"घटाला घेतली की," आतून आवाज आला. "चांगली टपोरी व्हती, हाताला लागली. बाकीची शेजारणीला वानोळा म्हणून धाडली."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी ताईकडं. मग आम्ही दोघी एकदमच देवघराकडं गेलो. कढत पाण्यातून काढलेला दाणा! तो काय उगवणार, कपाळ?

ताईला हसू आलं, मग लगेच तिनं पदर तोंडाला लावला. सासूला सांगायचं कसं? नऊ दिवस कडक उपास करणाऱ्या, घटाला कुणाचा हात लागू न देणाऱ्या बाईला? शेवटी तिनं सांगितलं, अगदी हळू, डबा त्यांच्या हातात देऊन. आत्याबाईंनी तळाचे दाणे चिमटीत धरले, चोळले, एक दाताखाली धरला.

"उकडलेलं दाणं वाह्यलं म्या देवीला," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात दाजी आले. सगळं ऐकल्यावर ते काय म्हणाले असतील?

"मंग काय झालं? तो डबा तुझ्या हाताला लावला कुणी? देवीनंच ना? म्हणजे कौल तोच."

हा वकील शेतीत वाया गेलाय. मी काहीतरी तिखट बोलणार होते, पण ताईनं मला चिमटा काढला.

देवळात गर्दी बरीच होती. नवरात्रात जाणार असाल तर सकाळी लवकर जा, बाहेर नारळ-फुलांची दुकानं आहेत, चहा गोड असतो. आत्याबाई देवीसमोर कान धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या, "सरका की आजी," तरी हलेनात. बाहेर आल्यावर चप्पल पायात सरकवत ताईला म्हणाल्या, "मंगल, जाफराबादला जाऊन ज्वारीचं बी घेऊन ये. घरातल्या दाण्यावर मपला इस्वास न्हाई आता."

"आणि हे?" ताईनं दाजींकडं मान केली.

"त्याला मी बघते."

लगेच जीप धरून आम्ही दोघी जाफराबादला गेलो. छोटंसं गाव आहे, बियाण्यांची आणि औषधांची दुकानं एका ओळीत. ताईच्या नेहमीच्या दुकानातले शेठजी मूळचे राजस्थानचे, पण चार पिढ्या इथंच. "दादा तर गहू बोलून गेल्ते," ते दाजींबद्दल म्हणाले.

"गहूबी घ्यायचाय, पण दिवाळीला. आता मालदांडी ज्वारी द्या. औंदाचीच हाय ना?"

"बिलकुल ताजी, बहन. लेबल वाचा, मंग पिशवी उचला." त्यांनी गंधकाची पुडीही दिली. बियाण्याला चोळून पेरलं की कणसाला काणी धरत नाही, म्हणजे दाण्याच्या जागी काळी भुकटी होत नाही. घरी येईपर्यंत ताईनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

दसऱ्याला सकाळी घट हलला. धानाचे तुरे दाजींच्या टोपीत, आमच्या केसांत. पुरणपोळी झाली, आपट्याचं सोनं वाटलं. पेरायचं म्हटलं तर ट्रॅक्टरवाला येईना. त्याचा ट्रॅक्टर हार घालून पूजेला उभा होता, आज त्याला मातीत घालणार नाही म्हणाला. शेवटी शेजाऱ्यांची बैलजोडी आणि तिफण मिळाली. तिफणीवर लाकडी वाटीसारखं चाडं असतं, त्यात मागून चालणारी बाई मुठीनं दाणे सोडते आणि ते नळ्यांतून तीन ओळींत मातीत जातात. दाजी अजून बांधावरच फुगून बसले होते.

आत्याबाईंनी वाकून माती उकरली, मुठीत दाबली, लाडवासारखा गोळा वळला. "ओल हाय," म्हणाल्या. पदर खोचला, बियाण्याची ओटी बांधली आणि तिफणीमागं जाऊन उभ्या राहिल्या.

"माय, तुला दिसतं का?" दाजी ओरडले.

"मूठ सोडायला डोळे कशाला लागून राह्यले? देवीला उकडलेलं दिलं, आता चांगलं दिल्याबिगर मी पाणी पिणार न्हाई."

तिफण चालू लागली. दोन-तीन फेऱ्यांत त्या दमल्या. मधेच थांबल्या, पण बैल थांबले नाहीत आणि तेवढी ओळ कोरी गेली. दाजी उठले. मला वाटलं, आता बंद पाडतात. त्यांनी आईला बांधावर बसवलं, तांब्या पुढं केला आणि बायकोला म्हणाले, "घे मूठ. विहिरीचं पाणी दोन्ही वावरांतल्या गव्हाला पुरायचं न्हाई, ते मलाबी ठावं हाय. हे वरचं तुझं, खालचं माझं. पण उपटताना मला हाक मारायची न्हाई."

"न्हाई मारणार," ताई म्हणाली. खोटं बोलत होती, आणि त्यांनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी परतीच्या वाटेला लागले. जाणाऱ्यांसाठी एक सांगणं: मुक्कामाची सोय भोकरदनला साधी, जालन्याला बरी. थंडीत गेलात तर हुरडा मिळेल, पण कुणाच्या रानात शिरताना विचारून शिरा.

पुण्यात पर्स रिकामी केली तर गव्हाचा वाळलेला तुरा निघाला. तो मी देव्हाऱ्यात ठेवला. ऑफिसात मैत्रिणींना फोटो दाखवले, तर त्या म्हणाल्या, यात बघण्यासारखं काय आहे, माती तर आहे. मला मात्र रात्रंदिवस एकच चिंता: उगवली का? आणि व्यापाऱ्याचं काय झालं? त्याला कुणी नको म्हणून कळवलंच नव्हतं.

परवा ताईचा व्हिडिओ आला. काळ्या रानात हिरव्या ओळी, आणि मधेच एक कोरा पट्टा. दाजींनी तो तसाच ठेवलाय, 'मायची जागा' म्हणतात. मी लगेच फोन लावला.

"व्यापारी आल्ता का गं?"

"आल्ता की. हे घरात नव्हते. मी गोठ्यातून बाहेर यायच्या आत आत्याबाई दारात जाऊन उभ्या राह्यल्या."

"मग?"

"त्याला चहा दिला. चहा पिऊन तो म्हणला, म्हैस दाखवा. तर म्हणल्या, दुरून बघ आन् जा. आमच्या रानात तिचं जेवण उगवून राह्यलंय."