लॅपटॉपमध्ये माल भरला कोणी?

त्या रविवारी तुमची धाकटी आजीला म्हणून व्हिडिओ कॉलवर धडा वाचून दाखवत होती आणि मध्येच तिचा चेहरा पडद्यावर थिजला. आवाजही गेला. मी लॅपटॉप बंद करून परत सुरू करेपर्यंत तुमच्याकडे झोपायची वेळ झाली होती. आठवड्यातला आपला तेवढाच अर्धा तास, तोही गेला.

त्याच्या चार दिवस आधी लॅपटॉपमधल्या सिस्टीमची नवी आवृत्ती बसली होती. त्याआधी बटण दाबल्यावर चहाला आधण येईपर्यंत तो तयार असे. आता चहा पिऊन कप विसळला तरी गोल चकती फिरतच असे. मी आठवडाभर घड्याळ लावून वेळा वहीत लिहिल्या आणि वही घेऊन बोईसरला दुरुस्तीवाल्याकडे गेले.

त्याने वही उघडलीसुद्धा नाही. "आंटी, मशीन पुरानी हो गई. नई ले लो." त्याच्यामागे नव्या लॅपटॉपची खोकी छतापर्यंत रचलेली होती. मनात आलं, कंपनीने जुनी यंत्रं मुद्दाम मंद करायची आणि याने नवी खपवायची, असं यांचं ठरलेलं असणार.

घरी आले तर सातपाटीची मासेवाली दारात बसली होती. बोंबील निवडताना मी तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "बाय, होडी तीच हाय नं? माल वाढवलास त पळंल कशी?"

"मी नाही वाढवला."

"मंग भरला कोणी?"

दुसऱ्या दिवशी मी परत बोईसरला गेले आणि स्टूल ओढून त्याच्या शेजारीच बसले. आत काय काय चाललंय ते एकेक दाखव, म्हटलं. नवी आवृत्ती नव्या यंत्रांची मेमरी धरून लिहितात, माझ्यात तेवढी नाही, असं त्याने सांगितलं. त्यात बातम्या, हवामान, फोटोंची छाननी, सगळं मागे गुपचूप चालू. परवानगी कोणी दिली, विचारलं, तर माझीच निघाली. सूचना आली की मी ‘हो’ दाबत आले होते.

इथल्या अणुवीज प्रकल्पाच्या वसाहतीत आम्ही तीस वर्षं काढली. फलकावर सूचना लागली की ती त्याच दिवशी पाळायची, कारण विचारायचं नाही. भोंगा वाजला की खिडक्या लावायच्या म्हणजे लावायच्या. ती सवय अजून बोटांत आहे.

त्याने नको ते बंद केलं, मेमरी वाढवली आणि सुरक्षेच्या सूचना मात्र टाळू नका, असं बजावलं. लॅपटॉप पुन्हा आधणाच्या आत सुरू होतो. माझा संशय मात्र गेलेला नाही. ‘हो’चं बटण मोठं आणि निळं, ‘नंतर’ मात्र कोपऱ्यात बारीक अक्षरांत. हे असं कोणी आणि कशासाठी ठरवलं?

काल धाकटीने धडा शेवटपर्यंत वाचला. मध्ये मी चष्मा वर करून पडद्याच्या कोपऱ्यात वाकले होते, ते तुम्ही पाहिलंत. लॅपटॉपच्या नव्या सजावटीची सूचना आली होती. मी ‘नंतर’ शोधत होते.