त्या गाण्याचा अर्थ

चिनू, मिहिका, तुम्ही पाठवलेलं इंग्रजी गाणं मी तीनदा ऐकलं. संपलं असं वाटलेलं प्रेम पुन्हा सापडलं, असं ती मुलगी गाते. काल माझ्याबरोबर रोज फिरायला येणाऱ्या जोश्यांनी बागेबाहेर मला मोगऱ्याचा गजरा घेऊन दिला. तुमचे आजोबा गेल्यापासून मी फूल माळलं नव्हतं. काल माळलं.

शेजारच्या सुमनताईंनी जिन्यातच अडवलं. "अहो, या वयात? लोक काय म्हणतील?"

"वास छान येतोय, म्हणतील," मी म्हटलं.

गाणारी मुलगी विशीतली असावी. प्रेम हरवायला आधी किती वर्षं कुणाबरोबर तरी जगावं लागतं, हे तिला कुठून कळणार? ते मला कळतं. रविवारी तुमच्या बाबांना फोन करून मी सगळं सांगणार आहे. परवानगी मात्र मागणार नाही.