ऑर्फाबाईंचे कैदी

आमचं गाव जिल्ह्याचं ठिकाण, त्यामुळे कोर्ट आणि तुरुंग दोन्ही इथंच. जिल्ह्याचे पोलीस आणि तुरुंग सांभाळणारे शेरीफ टीटर वारले, तेव्हा कैद्यांचा स्वयंपाक करणाऱ्या त्यांच्या बायकोलाच, ऑर्फाबाईंना, लोकांनी मतं देऊन शेरीफ केलं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये चक्रीवादळानं शाळेचं छप्पर पाडलं. मुलं आत अडकली. बाईंनी कोठड्यांची कुलपं काढली आणि म्हणाल्या, "फावडी घ्या आणि पळा."

जजसाहेब चिडले. "अहो बाई, यातला एकही परत यायचा नाही."

"माझ्या हातचं जेवण सोडून जातील कुठे?"

संध्याकाळपर्यंत सगळी मुलं जिवंत निघाली. धुळीनं माखलेले कैदी परतले आणि जेवायला बसले. कोंबडीचोर डेल हार्की तेवढा आला नाही.

"आता पाठवा माणसं त्याच्यामागे," जजसाहेब म्हणाले.

"तुमच्या नातीला त्यानंच बाहेर काढलं. माझी माणसं दमलीत. सकाळी बघू."

जजसाहेब खुर्ची ओढून कैद्यांशेजारीच बसले. बाईंनी त्यांनाही घेवडा आणि मक्याचा पाव वाढला.

डेल काही सापडला नाही. पुढच्या निवडणुकीत बाईंसमोर कुणी उभंच राहिलं नाही.