थेंबावर चालणारी मोटार

लढाईच्या दिवसांत बाजारातून एकेक वस्तू नाहीशी झाली, पण किस्से मात्र रेशनिंगमधून सुटले! उलट पेट्रोलची कुपनं सुरू झाली आणि आमच्याकडे किस्स्यांचा साठाच होऊ लागला. तीन भागीदार आणि एक मोटार, एवढं भांडवल त्याला पुरलं.

भागीदार म्हणजे सांगलीच्या पेठेतला हळदवाला मी; गुळाचे व्यापारी आणि अंगानंही गुळाच्या ढेपेसारखेच असलेले तात्या; आणि आबा. आबांची तासगावाकडे उसाची जमीन. मोटार तेच चालवायचे. त्यांचा एकुलता एक म्हादू पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेलेला. आबांनी मनाशी एकच धरलं होतं, "पोरगं माघारी आलं की मिरजेच्या ठेसनावरनं मोटारीतनं घरी आणायचं. शेठ, त्येच्यासाठी पेट्रोल राखायचं!"

म्हादूचं पत्र कधी यायचं, कधी महिने महिने यायचं नाही. आबा पेट्रोल राखतच होते.

*

आबांचा पहिला नियम, पाय हलका पाहिजे. एकदा त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवर पायाखाली चक्क उडदाचा पापड ठेवला. "पापड मोडला न्हाई पायजे. मोडला म्हंजी पेट्रोल सांडलं!" आणि सांगलीपासून मिरजेपर्यंत पापड शाबूत!

तात्यांना चेव आला. म्हणाले, "सरका, मी दाखवतो." पेठेतून गाडी बाहेर पडायच्या आत पापडाचा भुगा!

तात्या कुरकुरले, "पापड कच्चा होता हो!"

"आवं, भाजलेला ठिवला असता तर तुमी खाल्ला असता!"

*

गाडीनं जरा वेग घेतला की आबा लगेच वरचा गिअर टाकायचे. कुठला गिअर कधी, हे ते कानानं ठरवायचे. म्हणून गाडीत बोलायला बंदी! साताऱ्याच्या वाटेवर एका चढाला तात्यांची गुळाच्या भावाची गोष्ट रंगात आली होती.

आबांनी हात वर केला. "गप बसा. इंजिन काय म्हणतंय त्ये ऐकू द्या."

तात्या कुजबुजले, "काय म्हणतंय?"

"तात्यांना उतरवा म्हणतंय!"

*

पाचगणीहून वाईला उतरताना आबा पसरणीचा घाट लागला की इंजिनच बंद करायचे. उतारानं गाडी आपसूक खाली. एकदा बरोबर वाईचे एक भटजी होते. पहिल्याच वळणाला त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्यानं स्तोत्र सुरू केलं. पायथ्याशी गाडी थांबली तेव्हा डोळे उघडले.

"इंजिनाचा आवाज कसा नाही?"

"वरच बंद क्येलं की."

"मग एवढा वेळ गाडी कोण चालवत होतं?"

"आवं, तुमीच! मी निस्ता बरेक धरून बसलो हुतो."

*

सगळ्यात जास्त जाच व्हायचा थांबण्याचा. थांबलेली गाडी पुन्हा हलवायची म्हणजे पहिला गिअर, आणि पहिला गिअर सगळ्यात जास्त पेट्रोल पिणारा! बैलगाडी लांबूनच दिसली की ते पाय काढून घ्यायचे आणि मला खिडकीतून ओरडायला लावायचे.

एकदा रस्त्यात माझ्या सासऱ्यांनीच हात केला. आता सासऱ्यापुढे गाडी न थांबवणं म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा! पण आबांनी वेग तेवढा कमी केला आणि हाक दिली, "चढा पावणं, चालत्या गाडीत!" सासरे धोतर सावरत धावले, पटका सांभाळत पायरीवर चढले. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

घरी पोचल्यावर ते मुलीला एवढंच म्हणाले, "जावयाचा जोर बराय धंद्यात. फक्त मला उतरवताना तेवढी थांबवा म्हणावं!"

*

लढाई संपली. म्हादूची तार आली. राखलेलं पेट्रोल टाकीत ओतून आबा आणि मी मिरजेला गेलो. जाऊन घरी येण्यापुरतं, वर थोडं जास्तच होतं.

एरवी हा माणूस जकात नाक्यावर पावती फाडेपर्यंतसुद्धा इंजिन चालू ठेवत नसे. त्या दिवशी स्टेशनाबाहेर गाडी लावली आणि इंजिन तसंच धडधडत ठेवलं!

"आबा, बंद करा की."

"नगं. ऐन वक्ताला हँडल मारून चालू न्हाई झाली तर?"

आगगाडी लेट होती. अर्धा तास गेला, तास गेला, आणखी तास गेला. मी दोनदा किल्लीला हात घातला, दोन्ही वेळा आबांनी मनगट धरलं. "आज न्हाई, शेठ."

शेवटी आगगाडी आली. ट्रंका, वळकट्या, खाकी कपड्यांची ही गर्दी! ती ओसरत आली तरी म्हादू दिसेना. आबा एका हातानं मोटारीचं दार धरून उभे. आणि सगळ्यात मागून, काळाठिक्कर पडलेला, खांद्यावर ट्रंक घेऊन म्हादू बाहेर आला.

तो वाकून पाया पडला, आणि तेवढ्यात मोटारीनं दोन आचके दिले आणि गप्प झाली.

म्हादूनं मान वर केली. "आबा, प्येट्रोल संपलं वाटतं."

गाव तिथून चांगलं वीस मैल. आबांनी त्याच्या खांद्यावरची ट्रंक उतरवून घेतली, मोटारीच्या पायरीवर ठेवली, आणि तिच्यावर ऐसपैस बसत म्हणाले,

"संपू दे की. आता कुटं जायचंय आपल्याला?"