दात नसलेल्या जनावराची पारख

तासगावच्या पूर्वेला असलेल्या जांभुळवाडीत आकाराम खराड्यांना विचारल्याशिवाय बैल घेणं म्हणजे मुलगी न बघता सून आणण्यासारखं समजलं जाई. वाडीत दोन्ही प्रकार होऊन गेले होते आणि दोन्हींचे परिणाम सगळ्यांना ठाऊक होते. आकाराम बाजारात फार बोलत नसत. बैलाचं तोंड उघडून दात बघत, खांद्यावर हात दाबून बघत, मागं जाऊन शेणाजवळ उकिडवे बसत आणि मग गप्प होत. त्या गप्प बसण्याला विकणारे भीत. चांगल्या बैलाला ते लगेच चांगला म्हणत. गप्प बसले की समजायचं, काहीतरी सापडलं.

बहात्तरच्या दुष्काळानं दावणी रिकाम्या केल्या. नंतर पाणी आलं, पण बैल तेवढे आले नाहीत. माळावर द्राक्षांचे मांडव उभे राहिले, मांडवांमागून ट्रॅक्टर आले, आणि आकारामांची पारख हळूहळू जुन्या नाण्यासारखी झाली. लोक हातात घेऊन कौतुक करत, चालवायला मात्र कोणी मागत नसे.

थोरला मुलगा पलटणीत जम्मूला होता. वर्षातून एकदा घरी पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखाच जायचा. धाकटा जोतीराम घरी होता, पण त्याचा पाय जमिनीवर कमी आणि क्लचवर जास्त. आधी ट्रॅक्टर, मग उसाचा ट्रक चालवून त्यानं सांगलीहून लायसन आणलं होतं. पुण्याच्या एका ट्रकमालकानं त्याला कलकत्त्याच्या लाइनवर घ्यायचं कबूल केलं होतं. पाडवा झाला की ये, म्हणाला होता. कलकत्ता किती लांब असतं हे त्याच्या आईला, बयाबाईंना, ठाऊक नव्हतं. जम्मू किती लांब असतं हे ठाऊक होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

"ह्यो बी गेला तर घरात ऱ्हायलं कोण?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी, मी आन म्हस. त्यातली म्हसच काय ती बोलती."

आकारामांनी दोन दिवस विचार केला आणि मग जेवताना, ताटाकडे बघत म्हणाले, "गाडी हितंच घिऊ. तासगावच्या स्टँडवर भाड्यानं फिरव. दवाखान्याचं, लग्नाचं लोक मिळत्यात."

जोतीरामचा घास हातातच राहिला. "खरं? पाडव्याच्या आत?"

"पाडव्याच्या आत. पर पारखून."

या शेवटच्या शब्दापाशी सगळं अडकलं.

पहिली गाडी सांगलीत बघितली. नवा कोरा रंग, आरशासारखी. आकारामांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि न बोलता फाटकाबाहेर आले.

"आबा, काय झालं?"

"शिंगं रंगवल्यात."

दुसरी मिरजेला. तिचा मालक गाडीच्या गुणांबद्दल इतका वेळ बोलला की चहा दोनदा झाला. बाहेर पडल्यावर आकाराम म्हणाले, "एवढं तर लगीन जमवणारा बी बोलत न्हाई." तिसरी गाडी जोतीरामला पसंत होती. आकाराम तिच्याभोवती बराच वेळ फिरले, खाली वाकून बघितलं, उठले आणि गप्प झाले. जोतीराम समजला.

एस्टीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. "आबा, तुमाला गाडीतलं कळत न्हाई, मग बघता काय?"

"तेच तर बगतुया," आकाराम म्हणाले. "काय बघायचं आसतं, ते."

हे खरं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यासमोर असं जनावर उभं होतं, ज्याचं तोंड उघडलं तरी दात दिसत नव्हते. याचा त्यांना राग येत नव्हता. उलट झोप कमी झाली होती, एवढी उत्सुकता लागली होती. दुसऱ्या दिवशी ते एकटेच कुपवाडला गेले. तिथं कारखान्यांच्या शेडांमागं धुळा नावाच्या ओळखीच्या माणसाचं गॅरेज होतं. धुळाचे वाडवडील मेंढरं राखत. तो स्वतः एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभा होता.

"हे पेट्रोल खातंय, व्हय?" आकारामांनी विचारलं.

"व्हय, मामा."

"मग पाणी कशाला पितंय?"

"अंग तापतं म्हणून."

"आन ते ऑईल?"

"सांध्यांना."

आकाराम पालथ्या डब्यावर बसून विचार करू लागले. "खातंय, पितंय, अंगाला तेल लावून घितंय. मग टाकतंय काय?"

धुळा हसायला लागला. हसता हसता त्यानं गाडीच्या मागच्या नळीकडं पाना दाखवला. "धूर टाकतंय की!"

"मग धुरावरनं कळत आसंल सगळं."

धुळाचं हसणं थांबलं. "कळतं, मामा. निळा आला तर त्या वाटंला जाऊ नका. काळा आला तर काम निघंल, पर दुरुस्त हुतंय. सकाळचा थोडा पांढरा आला तर घाबरायचं न्हाई."

आकाराम उठले. धोतर झटकून म्हणाले, "हे आधी सांगायचं न्हाई व्हय रं कुणी?"

त्यानंतर ते तासगावात रस्त्याकडेला उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांचे धूर बघू लागले. उसाच्या ट्रकांवरून त्यांनी निष्कर्ष काढला की ट्रक घेताना मागं जाऊन उभं राहण्याची पद्धत अजून पडलेली नाही. घरी परतले की फेटा काळा असे आणि चेहरा समाधानी. बयाबाई फेटा धुवायला टाकत आणि विचारत, "घावली का गाडी?" आकाराम म्हणत, "धूर घावला."

पाडवा तोंडावर आला तेव्हा कराडजवळच्या लालासाहेब नावाच्या बागायतदाराची गाडी निघाल्याचं कळलं. दुधी रंगाची अँबॅसिडर. त्यांनी शेतात न्यायला जीप घेतली होती म्हणून ही विकायची होती. जोतीरामनं कपडे भरलेली ट्रंक आधीच कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. तो म्हणाला, "आबा, ही शेवटची. ही बी न्हाई म्हणला तर मी पाडव्याचं जेवून निघतो."

गावात उतरल्यावर आकाराम लालासाहेबांच्या घरी गेलेच नाहीत. समोरच्या घराच्या ओट्यावर हरणाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई लसूण सोलत होत्या, त्यांच्यापाशी जाऊन बसले. जोतीरामला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आक्का, ही समोरची गाडी कशी हाय?"

"मला काय इचारता? मी काय तीत बसती?"

"आवाज तर येत आसंल."

हरणाबाईंनी लसणाची पाकळी बाजूला ठेवली. आजवर गाडीबद्दल त्यांचं मत कोणी विचारलेलं नव्हतं. "सकाळी लय खोकती. पर उठती. थंडीत दोनदा उठली न्हाई, तवा माझ्याच नातवांनी ढकलली. एकदा लालासायबाची सून अडली हुती, त्या रातीला मातर एका हाकेला उठली. खोटं कशाला बोलू?"

मग ते समोर गेले. लालासाहेब स्वतः लोखंडी हँडल घेऊन पुढं आले, ते गाडीच्या नाकात खुपसून दोन फेरे दिले, आणि गाडी हरणाबाईंनी सांगितल्याप्रमाणे खोकून उठली. आकाराम मागं गेले. खांद्यावरचं पांढरं उपरणं सोडून त्यांनी नळीसमोर धरलं, उकिडवे बसले आणि धुराकडं बघत राहिले. जोतीराम दुसरीकडं बघत होता. लालासाहेब मात्र जवळ आले.

"पाव्हणं, तुमी बैलातलं दिसताय."

"व्हय."

"तरीच म्हणलं, मागनं का सुरुवात केली."

आकारामांनी उपरणं उजेडात धरलं. निळं नव्हतं. "चांगली हाय," ते म्हणाले, आणि जोतीरामनं कितीतरी दिवसांनी वडिलांकडं सरळ बघितलं.

सौदा त्याच उपरण्याखाली झाला. दोघांनी हात झाकून एकमेकांची बोटं दाबली, सोडली, पुन्हा दाबली, तोंडानं मात्र यंदाच्या उसाबद्दल बोलत राहिले. लालासाहेबांच्या बायकोनं, शालूबाईंनी, चालू गाडीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि तिच्या पुढ्यात भाकरीचा तुकडा ठेवला. आणि मग लालासाहेबांनी हँडल उचललं आणि घरात न्यायला लागले.

"आवं, ते ऱ्हायलं की," जोतीराम म्हणाला.

लालासाहेबांनी वळून आकारामांकडं बघितलं, म्हणजे पोराला तुम्हीच सांगा अशा अर्थानं. "जनावर दिलं. दावं कसं दीन? दाव्यासंगं घरची लक्षुमी जाती."

"बरोबर हाय," आकाराम म्हणाले. दुसऱ्याचं दावं त्यांनी जन्मात कधी घरी आणलं नव्हतं.

"आबा, ते दावं न्हाई, हँडल हाय!"

"जनावर कशानं सुटतं? त्यानंच न्हवं? मग दावंच की."

"मग किल्ली बी ठिवून घ्या म्हणावं!"

या मुद्द्यावर दोघे वडीलधारे खरोखर थबकले. लालासाहेबांनी हनुवटी खाजवली. आकारामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. शेवटी लालासाहेब म्हणाले, "किल्ली म्हंजी येसन. येसन नाकातली आसती, ती जनावराबरूबर जाती." आकारामांना हे पटलं. जोतीरामला त्यातलं काहीच पटलं नव्हतं, पण गाडी चालू होती आणि तिचं चाक त्याच्या हातात येणार होतं. तो बसला.

गाडी विट्याच्या रस्त्याला लागली. आकाराम पुढच्या सीटवर हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते आणि मुलाचे पाय बघत होते. कोणता पाय केव्हा दाबला जातो, हात आधी हलतो की पाय, यात काहीतरी नेम होता आणि तो अजून त्यांना उलगडला नव्हता. कडेगावच्या अलीकडं चढ संपला, तिथं केरबाचं चहाचं खोपट होतं.

"उभी कर. चा घिऊ."

जोतीरामनं गाडी उभी केली, पण चालूच ठेवली.

"बंद कर की."

"नगं आबा. बॅटरी कशी हाय म्हाईत न्हाई."

"एवढा चढ चढून आली. आन तिला उभ्या उभ्या फुरफुरत ठिवायची? जीव हाय का न्हाई तिला? दम खाऊ दे."

जोतीराम काही बोलणार होता. पण बाप आयुष्यभर चढाच्या माथ्यावर बैल सोडत आला होता, आणि आज पहिल्यांदाच त्यानं गाडीला जनावर मानून तिची काळजी केली होती. जोतीरामनं किल्ली फिरवून गाडी बंद केली.

चहा झाल्यावर त्यानं किल्ली पुन्हा फिरवली. आतून नुसती टकटक आली. पुन्हा टकटक. जोतीराम बाहेर आला, बॉनेट उघडलं, बंद केलं आणि बापाकडं वळला.

"आता दावं कुठनं आनू?"

आकाराम गप्प झाले. आज प्रथमच त्या गप्प बसण्याला दुसरा अर्थ होता.

"माझंच चुकलं," जोतीराम म्हणाला. "ट्रकच बरा हुता. निदान त्याच्या मालकाला ट्रकला ट्रक म्हंता येतं."

केरबा चहाची किटली खाली ठेवून पुढं आला. "भांडा घरी जाऊन. ढकलू या. पर गड्या, उतार हाय तो कराडाकडं. फिरवून घ्या."

तिघांनी मिळून गाडी फिरवली. आता तिचं तोंड आलेल्या वाटेकडं होतं. कराड, आणि पुढं पुण्याचा मोठा रस्ता. जोतीराम चाकावर बसला. आकारामांनी फेटा काढून केरबाच्या बाकावर ठेवला आणि मागून दोन्ही हात लावले. ज्या वस्तूनं आपल्याला ओढायचं तिला आपण ढकलायचं, हा प्रकार त्यांच्या अनुभवात नवा होता. पण त्यांनी खांदा लावला. गाडी सरकली, उताराला लागली, हातातून सुटली, एक हिसका देऊन खोकली आणि चालू झाली.

आणि थांबली नाही.

धुरळा उडाला. वळणावर दुधी रंग एकदा दिसला, मग दिसेना. आवाज थोडा वेळ राहिला, मग तोही नाही. आकाराम रस्त्याच्या मधोमध धापा टाकत उभे होते.

"तुमचा पोरगा?" केरबानं विचारलं.

"व्हय."

"गेला कुठं?"

वडिलांचा राग आलेला, ट्रंक भरून ठेवलेला, हातात पहिली गाडी मिळालेला, आणि पुण्याच्या रस्त्याला तोंड असलेला मुलगा काय करील, हे आकारामांना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. बैलाचं सांगता आलं असतं. मोकळा सुटलेला बैल वैरणीकडं तरी जातो, नाहीतर गाईकडं तरी. मुलगा कुठं जातो, हे थोरल्याच्या वेळीही त्यांना कळलं नव्हतं. तो गेल्यावरच कळलं होतं.

केरबानं फेटा आणून दिला. आकारामांनी तो बांधला नाही. नुसता हातात धरून उभे राहिले.

मग खालून आवाज आला. चढाचा, ओझं घेतल्यासारखा. दुधी गाडी वळणावर दिसली, हळूहळू वर आली, पण थांबेना. जोतीरामनं डाव्या बाजूचं दार आतून लोटून उघडं ठेवलं होतं आणि तो अर्धा वाकून ओरडत होता, "आबा! थांबीवत न्हाई, बंद पडंल! पळा! चढा!"

आकाराम पळाले. या वयात फेटा काखेत मारून आपण एका गाडीमागं पळतोय, याचं त्यांना नवल वाटायला वेळ नव्हता. एक पाय आत, दुसरा रस्त्यावर. जोतीरामनं मनगट धरून ओढलं आणि ते सीटवर येऊन पडले. मागं केरबा ओरडला, "चाचं पैसं!" आणि स्वतःच हसू लागला.

"फिरायला जागा न्हवती," जोतीराम म्हणाला. "पार खालच्या वड्यापतुर जावं लागलं."

"हां," आकाराम म्हणाले. त्यांचा श्वास अजून जागेवर नव्हता. "मला काय वाटलं न्हाई."

जोतीरामनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं. विटा मागं पडलं. ऊन उतरलं. आकाराम फेटा बांधत होते, पण आरशात बघून नाही; आरसा कशासाठी असतो हे त्यांना विचारायचं होतं आणि ते पुढच्या गावापर्यंत राखून ठेवलं होतं.

आधी जोतीरामच बोलला. कपाळाला आठ्या होत्या, हिशेब चालू असल्यासारख्या.

"आबा, आपल्या घराम्होरं उतार न्हाई."

"न्हाई. सपाट हाय."

"मारुतीच्या देवळापशी हाय थोडा. रातची तिथं लावली तर सकाळी हिला ढकलायला दुसरं मानूस लागायचं न्हाई. रोज कुनाला उठवायचं?"

रोज, असं तो म्हणाला. आकारामांनी तो शब्द नीट ऐकला, आणि पुढचा रस्ता बघू लागले.